नोकरी सोडण्याआधी लोकल सोडून बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ३८, पत्नी ३६, मुलगा ७ वर्षांचा. घर डोंबिवलीत, तुमची नोकरी अंधेरीला, त्यांची ठाण्याला. हातात येणारा पगार तुमचा ९५ हजार, त्यांचा ७० हजार. ४ वर्षांपूर्वी २० वर्षांसाठी ६० लाखांचं गृहकर्ज घेतलंत, हप्ता ५२ हजार. सगळा खर्च महिन्याला १ लाख ६० हजार, शिल्लक जेमतेम ५ हजार. तुम्ही सकाळी ७.२० ला घर सोडता, परत येता रात्री पावणेनऊच्या पुढे, आणि मुलगा साडेनऊला झोपतो. साधं राहून किती वर्षांत नोकरीतून मोकळे होऊ, पत्नीने आत्ताच नोकरी सोडली तर निभेल का, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, की घरच्यांना हा सगळा चिक्कूपणा वाटतो. माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे, पण त्याकडे नंतर येते.

मी एका बँकेच्या कर्ज विभागात होते. २००९ मध्ये बाहेर पडले आणि तेव्हापासून लोकांच्या घरखर्चाच्या वह्या तपासणं हाच माझा धंदा. राहते कल्याणला, त्यामुळे सव्वासातची गर्दी मला सांगायला नको.

थेट उत्तर असं: पत्नीने आज नोकरी सोडली तर निभणार नाही. दोघांनीही कामातून पूर्ण मोकळं होणं वीस वर्षांच्या आत तुमच्या आकड्यांत बसत नाही. पण मुलासोबत रोजचे अडीच तास हवे असतील, तर वर्षभराच्या आत जमेल.

पूर्ण मोकळं होण्याचं गणित एकदाच बघू आणि बाजूला ठेवू. 'वर्षाच्या खर्चाच्या २५ पट रक्कम जमली की झालं' असं सर्रास सांगतात. त्याचं मूळ अमेरिकेत आहे. विल्यम बेंगन नावाच्या सल्लागाराने १९९४ मध्ये तिथल्या बाजाराचे जुने आकडे घेऊन हिशोब मांडला, की पहिल्या वर्षी साठ्यातले ४ टक्के काढले आणि पुढे महागाईप्रमाणे ते वाढवत नेले, तर ३० वर्षं पैसे पुरतात. तिथली महागाई वेगळी, बाजार वेगळा, आणि ३० वर्षं साठीला निवृत्त होणाऱ्याला पुरतात, पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला नाही. म्हणून मी ३३ पट धरते आणि महागाई वजा जाता ३ टक्के परतावा धरते. एवढा सावध हिशोब केला तर पगाराचा चौथा हिस्सा बाजूला टाकणाऱ्याला ४६ वर्षं लागतात, निम्मा टाकणाऱ्याला २३. तुम्ही आज टाकताय ३ टक्के. गृहकर्ज फिटलंय आणि खाली सांगते ती २५ हजारांची काटछाट झालीय असं समजून बाकीचा खर्च महिना ८३ हजार धरला, तरी आजच्या रुपयांत सव्वातीन कोटींच्या वर रक्कम लागते. तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि वर्षातून एकदा, पाडव्याला बघा. रोज बघितलात तर एक तर छाती दडपेल, नाहीतर कुणीतरी दामदुप्पट योजना गळ्यात मारेल.

या गणितातली एक गोष्ट मात्र रोज उपयोगाची आहे. महिन्याचा १ हजाराचा खर्च कायमचा गेला, की वर्षाचे १२ हजार वाचतात हे सगळ्यांना दिसतं. त्याचबरोबर १२ हजारांच्या ३३ पट, म्हणजे जवळजवळ ४ लाख रुपये आयुष्यात कमी साठवावे लागतात, हे कुणी मोजत नाही. पगारवाढीने शिल्लक वाढते, पण गरज होती तेवढीच राहते, बहुतेक वेळा तीही वाढते. खर्च उतरला की दोन्ही बाजूंनी फरक पडतो. काटकसरीत दम आहे तो इथे.

आता कशात हात घालायचा? चहा-वडापावपासून सुरुवात करणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. स्टेशनबाहेरचा वडापाव बंद करून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही, चिडचिड तेवढी वाढते. घर, गाडी, शाळा आणि समारंभ या चार निर्णयांत बहुतेक पैसा जातो. ते वर्षानुवर्षांतून एकदा घेतले जातात, आणि घेताना आपण सगळ्यात कमी हिशोब करतो.

घर तुम्ही घेतलेलं आहे, ते राहू द्या. फक्त एक आकडा सांगते. व्याजदर सरसकट साडेआठ टक्के धरला तर ४ वर्षांत तुम्ही २५ लाख रुपये हप्त्यापोटी भरलेत आणि मुद्दल उतरलंय साधारण साडेपाच लाखांनी. अजून साडेचोपन्न लाख बाकी आहेत. बँकेत असताना हा तक्ता लोकांसमोर ठेवला की समोरचा माणूस तो आधी उलटा धरून बघायचा. यात फसवणूक कुठलीच नाही, उरलेल्या मुद्दलावरच्या व्याजाचा तो साधा हिशोब आहे. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा भाग व्याजाचाच असतो, आणि म्हणूनच आत्ता भरलेला जादा रुपया पुढच्या काळातल्या रुपयापेक्षा जास्त काम करतो. आजपासून महिन्याला १० हजार जादा भरलेत तर उरलेली १६ वर्षं साडेअकरावर येतात, म्हणजे मुलाच्या बारावीच्या आसपास कर्ज संपतं. व्यक्तीला दिलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. जादा रक्कम भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा' असं लेखी द्या. मात्र वर्ष-दोन वर्षांत एक पगार कमी होणार हे नक्की असेल तर उलट करा, मुदत तीच ठेवून हप्ता उतरवून घ्या. व्याज थोडं जास्त जाईल, पण घरावर दर महिन्याला बसणारा भार हलका होईल. कागदावर पहिला पर्याय नेहमी जिंकतो. माझ्याकडे येणाऱ्या घरांत अनेकदा दुसराच शहाणपणाचा ठरलाय.

गाडी. तुमच्या यादीत ती 'हप्ता १४,५००' एवढीच दिसते. विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल, टोल, सोसायटीचं पार्किंग असे सगळे तुकडे गोळा केले तेव्हा २१ हजार झाले. तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ती महिन्यातून चार-पाच वेळा बाहेर निघते, कारण रोज तुम्ही दोघंही लोकलने जाता. म्हणजे दर वेळी गाडी काढायला ४-५ हजार रुपये! कर्ज फेडून हातात काही उरत असेल तर विका. रिक्षा, ओला आणि गावाला जाताना भाड्याची गाडी यांना महिना ४ हजार ठेवा. १७ हजार मोकळे झाले. बाहेरचं खाणं आणि घरपोच मागवणं मिळून १३ हजार आहे, ते ५ वर आणलं तर आणखी ८ हजार. एकूण २५ हजार. किराण्याला, दुधाला, वडापावला हात लावलेला नाही.

इथपर्यंत आले की बहुतेक सल्लागार म्हणतात, घाला २५ हजार एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा. मी थांबवते. तुम्हाला हवाय वेळ, तर त्याचा भाव काढू.

तुम्ही घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत साडेतेरा तास जातात. महिन्याचे २२ दिवस धरले तर २९७ तास. पगार ९५ हजार, त्यातून या नोकरीसाठीच होणारा खर्च (फर्स्ट क्लासचा पास, दोन्हीकडची शेअर रिक्षा, दुपारचं जेवण) ८ हजार वजा. उरले ८७ हजार. भागिले २९७. तुम्ही तुमचा एक तास साधारण २९३ रुपयांना विकताय. पगाराच्या पावतीवर हा आकडा कुठेच नसतो.

आता समजा ठाण्यात नोकरी मिळाली, पगार ८० हजार. मित्र म्हणतील खुळा झालाय. पण दादरला लाइन बदलणं गेलं, दाराशी ते दाराशी पाऊण तास, रोजचे अडीच तास वाचले. महिन्याचे ५५. पगार १५ हजारांनी घटला, पण पास, रिक्षा, जेवण मिळून ४ हजार कमी लागले. खरी तूट ११ हजार. ५५ तासांना ११ हजार, म्हणजे तासाला २०० रुपये. जो तास तुम्ही २९३ ला विकताय तो तुम्हाला २०० ला परत मिळतोय. असा सौदा भाजी मंडईत दिसला असता तर पिशवी भरून आणली असती.

आणि हा सौदा परवडतो कशामुळे? गाडी आणि बाहेरच्या खाण्यातून सुटलेल्या २५ हजारांमुळे. मिळकत १ लाख ५० हजार, खर्च १ लाख ३१ हजार, शिल्लक १९ हजार. कमी पगारात आजच्या जवळजवळ चौपट शिल्लक, आणि रात्री पावणेनऊच्या जागी मुलाबरोबर संध्याकाळ. गेल्या काही वर्षांत मी काटकसरीची एकच व्याख्या लोकांना सांगते: कमी पगाराला 'हो' म्हणता येण्याची ताकद. अनेकांना हे ऐकून निराशा होते, त्यांना पन्नाशीच्या आत राजीनामा फेकायचा असतो.

पत्नीने नोकरी सोडायची असेल तर याच पद्धतीने आकडा काढा. गाडी आणि हॉटेलची काटछाट करूनही, पाळणाघर आणि त्यांचा प्रवास वजा जाता, खर्च १ लाख २१ हजार राहतो. तुमचा पगार ९५. दर महिन्याला २६ हजारांचा खड्डा. शिवाय सरळ विचारते, सोडायची ती त्यांनीच का? त्यांचा प्रवास तुमच्या निम्म्याहून कमी आहे. घरी येणारा तास तुमच्याकडून यायला हवा. त्यांना स्वतःला थांबायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमच्या पत्रात त्यांचं मत कुठेच नाही.

त्यावरूनच एक कडू गोष्ट. 'बाहेरचं बंद' म्हणणं सोपं असतं. डबा कोण करणार? माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ घरांत 'आम्ही साधं राहायला लागलो' याचा अर्थ घरातली बाई पहाटे पाचला उठायला लागली, असा निघतो. घरचं दही, घरचे मसाले, घरीच पोळ्या, कपड्यांना घरीच इस्त्री. वहीत ६ हजार वाचले आणि तिचे ६० तास गेले, म्हणजे तासाला १०० रुपये, आणि तेही तिला कुणी देत नाही. ही बचत नव्हे, खर्च एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला एवढंच. तुमची हॉटेलं ८ हजारांनी कमी होणार असतील तर आठवड्यातले किमान तीन दिवस सकाळची भाजी तुम्ही चिरा, रात्रीची भांडी तुम्ही घासा. पोळ्यांना बाई असेल तर ती मुळीच काढू नका.

आता चिक्कूपणा. माझी कसोटी सोपी आहे: झळ कुणाला बसते? मी जुना फोन वापरते, ती काटकसर. कामवालीच्या सुट्टीचे पैसे कापले, भाचीच्या बारशाला हात आखडला, मित्रांत बिल द्यायची वेळ आली की फोन कानाला लावला, तो चिक्कूपणा. आहेर, मानपान, गणपतीला गावी जाणं यांचं वेगळं पाकीट करा आणि सुरुवातीला त्याला हात लावू नका. नाती तुटली तर घरी लवकर येऊन करणार काय?

हे मी पुस्तकी सांगत नाही, माझ्या हातून झालंय. नोकरी सोडल्यावर पहिली दोन वर्षं मी हिशोबाच्या पार आहारी गेले होते. नवरा शाळेत शिक्षक, माझी मिळकत धड सुरू झालेली नाही. बसचं तिकीटसुद्धा रात्री वहीत चढायचं. वर्षाचं धान्य एकदम भरलं की स्वस्त पडतं म्हणून ८० किलो गहू वन-रूम-किचनमध्ये आणून ठेवले. एरंडेल चोळलं, कडुलिंबाचा पाला घातला, तरी श्रावणात किडे झालेच, कारण आमच्या खोलीला ऊनच नव्हतं. आईच्या वाड्याला अंगण होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तेही एक वेळ ठीक. एकदा धाकट्याची कंपासपेटी रिकामी करत होते, पेन्सिलच्या साली झटकायला. तळाशी घडी घालून घालून टिकलीएवढी केलेली एक चिठ्ठी निघाली. शाळेच्या सहलीची, ३५० रुपये, तारीख होऊन गेलेली. विचारलं तर म्हणाला, "मला जायचंच नव्हतं." तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मी भांडी घासायला ओट्याकडे वळले ती बराच वेळ तिथेच उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून वही बंद केली नाही, पण तिच्यात मुलांच्या नावाचं एक पान केलं. त्या पानाचा हिशोब मागायचा नाही असं ठरलं, आणि त्या पानावर पैसे आधी टाकायचे, उरले तर बाकीच्या पानांवर.

शाळेबद्दल एकच वाक्य: मुलाची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर फी, बस आणि वेळ तिन्ही वाचतात. आमची दोघंही दहा मिनिटांवरच्या सेमी-इंग्रजीत शिकली आणि त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही. पण चालू शाळा मध्येच बदलू नका.

हात आखडायचा नाही अशा दोन-तीन गोष्टी आहेत. सगळ्यात मोठी आरोग्य विमा. कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, आणि नवी नोकरी छोट्या कंपनीत असेल तर तिथे कदाचित नसेलच. आत्ता, तब्येत बरी असताना, तिघांचा स्वतःचा विमा घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, ती घड्याळं लवकर सुरू झालेली बरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढी सवलत झालीय. मोठ्या रकमेची मूळ पॉलिसी महाग वाटली तर बेताची घ्या आणि वर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च भरणारा विमा घ्या. दोघांच्या नावे साधा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) हवा, तुमचा किमान कर्ज आणि दहा वर्षांचा घरखर्च झाकेल एवढा. 'पैसे परत मिळणारी' पॉलिसी घेऊ नका. आणि दात. दाताच्या डॉक्टरकडे जायचं टाळून वाचवलेले पैसे पुढे दसपट जातात, ही मी माझ्या दाढेवरून सांगते.

नोकरी बदलण्याआधी तीन-चार महिन्यांचा खर्च साध्या ठेवीत हवा. गाडी विकून उरेल ती रक्कम तिथेच जाऊ द्या. नंतरच्या १९ हजारांतले १० कर्जात, ९ आधी त्या ठेवीत आणि ती भरली की निम्मे पीपीएफ, निम्मे इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाच्या मागे चालणारा म्युच्युअल फंड). पीपीएफला १५ वर्षं मुदत आणि वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्क्यांवर आहे. त्यात फार थरार नाही, म्हणून मला आवडतं. तुमच्या किंवा पत्नीच्या सलग नोकरीची ५ वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने असतील तर राजीनामा त्यापुढे ढकला, ग्रॅच्युइटी सोडून येऊ नका.

गावी जाऊन राहण्याचा विचार तुम्ही ओझरता लिहिलाय. कोकणातलं घर जूनआधी शाकारून घ्यावं लागतं, आजारी पडलं की जिल्ह्याच्या ठिकाणी धावावं लागतं, आणि मुलाची शाळा पुन्हा बसनेच गाठावी लागते. एक वर्ष भाड्याने राहून बघा, मग बोलू.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. पुढचे तीन महिने काहीही बदलू नका, फक्त लिहा. पूर्वी दुधाचे खाडे कालनिर्णयवर मांडले जायचे, सगळ्यांना येता-जाता दिसायचे. आता प्रत्येकाच्या फोनवरून यूपीआयने पैसे जातात आणि घरात कुणालाच एकूण आकडा माहीत नसतो. घरखर्चासाठी एक वेगळं संयुक्त खातं उघडा, १ तारखेला ठरलेली रक्कम त्यात टाका आणि घरचं प्रत्येक स्कॅन त्याच खात्यातून करा. वही निम्मी तिथेच भरते. रविवारी पोहे खाताना पंधरा मिनिटं दोघांनी मिळून बघायचं. 'हे कुणी घेतलं?' हा प्रश्न पहिले तीन महिने विचारायचा नाही, हा नियम पाळा. माझ्या अनुभवात हाच सगळ्यात अवघड जातो.

गाडी विकायचं ठरलं तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा कर्जाचा शेरा आधी उतरवून घ्या, नाहीतर गिऱ्हाईक भाव पाडतं. आणि मुलाला हे शेजाऱ्यांच्या आधी सांगा.

तीन महिन्यांचे आकडे हातात आले की परत लिहा. पत्नीने स्वतः लिहिलं तर जास्त बरं. तुमच्या आत्ताच्या यादीत 'शाळा व क्लास १६,०००' अशी एकच ओळ आहे. पुढच्या यादीत सहलीची ओळ मला वेगळी दिसू दे.